मुलीच्या दप्तरात पेपर स्प्रे सापडला, तर आधी काय विचाराल?



आज निबंधाचे मुद्दे नाहीत, कृतिपत्रिकाही नाही. आज माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. ती सांगताना थोडी लाज वाटते, पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी वर्गात उद्या असंच काही घडेल, तेव्हा हे वाचलेलं उपयोगी पडेल असं वाटतं. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारूनच लिहिते आहे. तिची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.

दप्तर तपासणीचा दिवस

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मुलं मोबाईल आणतात अशी तक्रार आली म्हणून मुख्याध्यापकांनी दप्तर तपासायला सांगितलं. नववीचा वर्ग माझा. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या दप्तरात, कंपासपेटीच्या शेजारी, बोटभर लांबीची काळी बाटली सापडली. आधी मला सेंटची बाटली वाटली. उलटून पाहिलं तर पेपर स्प्रे!

मुलगी अभ्यासात बरी, स्वभावाने शांत. वर्गात तिचा आवाज ऐकायला मिळणं म्हणजे नवलच. आणि मी काय केलं? सगळ्या वर्गासमोर बाटली उंच धरून म्हणाले, "हे काय गं? शाळेत शिकायला येतेस की मारामारी करायला?" मागच्या बाकांवर हशा पिकला. ती मान खाली घालून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. "उद्या वडिलांना घेऊन ये," असं म्हणून मी बाटली जप्त केली.

"हे तुला का लागलं?" हा साधा प्रश्न मी विचारलाच नाही.

स्टाफरूममधला प्रसंग

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ती बाटली हाताळली. "चालतो का खरंच?" असं म्हणत मी वरचं झाकण फिरवलं आणि खिडकीच्या दिशेने अगदी हलकंसं दाबलं. वर पंखा फुल स्पीडवर. पुढच्या अर्ध्या मिनिटात आम्ही सात जण खोकत, डोळे चोळत व्हरांड्यात!

डोळे चोळले ही दुसरी चूक. चोळल्यावर आग आणखी वाढली. मुलांच्या हात धुण्याच्या नळांवर आम्ही ओळीने उभे राहिलो. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या मदतनीस काकूंना दमा आहे. त्या दारातच होत्या. त्यांना धाप लागली, ओठ सुकले, बोलता येईना. गाडीवर बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, वाफ दिली, तेव्हा तासाभराने त्यांचा श्वास जागेवर आला. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते.

तुम्हाला कदाचित आठवत असेल, 13 फेब्रुवारी 2014 रोजी तेलंगणाच्या विधेयकावरून लोकसभेत गोंधळ चालू असताना एका खासदाराने पेपर स्प्रे मारला होता. सभागृह रिकामं करावं लागलं, काही खासदारांना रुग्णालयात न्यावं लागलं. बंद जागेत हा स्प्रे माणूस पाहून त्रास देत नाही. जो तिथे श्वास घेतो त्या प्रत्येकाला तो लागतो.

मिरचीचं विज्ञान

विज्ञानाच्या शिक्षकांना हा भाग वर्गात घेता येईल. पेपर स्प्रे म्हणजे मिरचीचा तेलकट अर्क. मिरचीतल्या तिखटपणाला कॅप्सेसिन नावाचं रसायन कारणीभूत असतं. आपल्या त्वचेत, डोळ्यांत, नाकातोंडाच्या आतल्या पातळ आवरणात उष्णता ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. कॅप्सेसिन तिथेच जाऊन चिकटतं आणि मेंदूला निरोप जातो, "भाजतंय!" प्रत्यक्षात काहीच भाजलेलं नसतं. याच कॅप्सेसिनच्या मदतीने डेव्हिड ज्युलियस यांनी उष्णता ओळखणारा तो ग्राहक शोधून काढला आणि 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून ठेचा खाऊन पाणी प्यायलं तरी आग शमत नाही. डोळ्यांत स्प्रे गेला तर चोळायचं नाही, लेन्स असतील तर काढायच्या, मोकळ्या हवेत जायचं, डोळ्यांची उघडझाप करत भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचं आणि चेहरा सौम्य साबणाने धुवायचा. त्रास साधारण अर्धा-पाऊण तास राहतो. त्याहून जास्त राहिला किंवा धाप लागली, तर सरळ डॉक्टरकडे.

तिने काय सांगितलं

काकू बऱ्या झाल्यावर, शाळा सुटायच्या थोडं आधी, मी तिला ग्रंथालयात बोलावलं. डोळे अजून लाल होते माझे. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं झालं का?"

"नाही बाळा. माझ्यामुळं झालं," मी म्हटलं. "मी तुला विचारायला हवं होतं, ते आता विचारते. हे कशाला लागतं तुला?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग हळूहळू बोलली. शाळा 5 वाजता सुटते. एसटी तिला फाट्यावर सोडते. तिथून वस्ती दीड किलोमीटर. दोन्ही बाजूंना उभा ऊस. थंडीत सहालाच अंधार पडतो. महिनाभरापासून दोन मुलं मोटारसायकलवरून तिच्या मागे येत होती. आधी नुसते हॉर्न, मग गाणी, मग घाण बोलणं. एकदा गाडी आडवी लावून ओढणी ओढली.

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"दादा म्हणतील, शाळा बस झाली."

वडिलांना ती दादा म्हणते. तिने फक्त पुण्याला नोकरी करणाऱ्या मावशीला सांगितलं होतं, कारण "मावशी ओरडत नाही." दिवाळीत मावशीने ती बाटली हातात ठेवली आणि म्हणाली, असू दे जवळ.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला माझीच अकरावी आठवली. एसटीच्या गर्दीत मागे उभा राहणारा एक माणूस. मी ओढणीला नेहमी मोठी सेफ्टी पिन लावायचे, ती पदर सांभाळायला नव्हती. दोन वर्षं मी घरी एक शब्द बोलले नाही. कारण तेच, "कॉलेज बंद होईल." माझी आजी तर आठवडी बाजाराला जाताना चंचीत सुपारीबरोबर तिखटाची पुडी ठेवायची. आम्ही हसायचो. आज कळतं, पुडी, पिन आणि स्प्रे, तीन पिढ्यांत वस्तू तेवढ्या बदलल्या. घरी न सांगणं काही बदललं नाही.

मग पुढे काय केलं?

इथे एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत असायलाच हवी. 18 वर्षांखालच्या मुलीचा किंवा मुलाचा वारंवार पाठलाग, अश्लील बोलणं, लैंगिक हेतूने स्पर्श, हे सगळं 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली येतं. असं काही आपल्याला समजलं तर कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून गप्प बसणाऱ्याला शिक्षा होऊ शकते.

पण पोलिसांआधी मला तिच्या वडिलांची भीती वाटत होती. त्याच संध्याकाळी मी आणि मुख्याध्यापक तिच्याबरोबर वस्तीवर गेलो. वडील गोठ्यात होते. सगळं ऐकून घेतलं आणि तिने सांगितलं होतं तसंच म्हणाले, "मॅडम, मुलीची जात आहे. उद्यापासून घरीच बसू दे. दहावीचा फॉर्म बाहेरून भरू."

ती दाराआड उभी होती. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

मी म्हटलं, "दादा, चूक कुणाची?"

"त्या पोरांची."

"मग घरी कोण बसणार?"

ते काही बोलले नाहीत. बोलली ती तिची आई. चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाली, "मला सातवीत असंच घरी बसवलं होतं. हिला नाही बसवायचं." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. त्यानंतर वडिलांनी चहा ठेवायला सांगितला. मी मनात म्हटलं, जमलं!

पोलीस ठाण्याची धास्ती सगळ्यांनाच होती. म्हणून हेही सांगते. पॉक्सो कायद्यानुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. तसंच झालं. साध्या ड्रेसमधल्या ताई घरी आल्या, ओट्यावर बसून बोलल्या, तक्रार नोंदवली. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

बाकीची कामं आम्ही गावातच केली. एसटी आगारात अर्ज देऊन संध्याकाळची गाडी वस्तीच्या वाटेपर्यंत आत नेण्याची विनंती केली. ते व्हायला दोन महिने लागले. तोपर्यंत वस्तीवरच्या पाच मुली एकत्र चालायच्या आणि पालक पाळीपाळीने फाट्यावर थांबायचे. शाळेतली सखी सावित्री समिती कागदावर होती, तिची बैठक दर महिन्याला घ्यायला लागलो. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर, मी त्या मुलीची माफी मागितली. कारण सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "काल मी न विचारता ओरडले. चुकलं माझं." जिथे अपमान केला तिथेच माफी मागायला हवी, नाही का?

स्प्रेचं काय करायचं?

हा प्रश्न पालकसभेत आला. एका आईने विचारलं, "मॅडम, मीही माझ्या मुलीला घेऊन देऊ का?" मी उत्तर देण्याऐवजी सगळ्यांना मैदानावर नेलं. फुलझाडांवर पाणी मारायच्या साध्या बाटलीत पाणी भरलं आणि ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मुलींना सांगितलं, "मी समोरून येते. मी जवळ पोचायच्या आत बाटली काढून मारायची."

पहिल्या मुलीची चेन अडकली. दुसरीने बाटली उलटी धरली. तिसरीने बरोबर मारलं, पण वारा समोरून होता, पाणी तिच्याच तोंडावर उडालं. चौथीला मात्र बाटली सापडेना म्हणून ती जोरात ओरडली, "ए, लांब हो!" आणि मी खरोखर दचकून थांबले. मैदानाबाहेरून दोन माणसं डोकावली. सगळ्या पालकांना जे कळायचं ते कळलं.

स्प्रे वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या, दूरचा प्रवास करणाऱ्या मोठ्या मुलींना त्याचा आधार होऊ शकतो. आपल्याकडे तो विनापरवाना मिळतो. पण घेऊन दिला म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही. द्यायचाच असेल तर या गोष्टी सांगूनच द्या:

1. तो दप्तराच्या तळाशी असेल तर असून नसल्यासारखा. धोका वाटू लागला की आधीच हातात हवा.
2. लहान बाटलीचा फवारा साधारण 8-10 फूटच जातो. वाऱ्याची दिशा पाहायची. समोरून वारा असेल तर मारायचा नाही.
3. बस, रिक्षा, लिफ्ट, खोली अशा बंद जागेत तो आपल्यालाही लागतो.
4. मारून बघत उभं राहायचं नाही. मारायचा आणि उजेडाच्या, माणसांच्या दिशेने पळायचं. काही जणांवर, विशेषतः नशेत असलेल्यांवर, त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.
5. बाटलीवर मुदत छापलेली असते. मुदत संपली की आतला दाब कमी झालेला असू शकतो. उन्हात, तापलेल्या गाडीत ठेवायचा नाही.
6. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर जास्तच जपायचं. आमच्या काकूंचा अनुभव वर सांगितलाच.

आणि कायदा? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र बचावासाठी लागेल तेवढाच बळाचा वापर करता येतो. भांडणात रागाने, मस्करीत, धडा शिकवायला म्हणून स्प्रे मारला तर ते स्वसंरक्षण ठरत नाही. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही एका वादाच्या प्रकरणात, जीवाला तसा धोका नसताना स्प्रे वापरणाऱ्यांना स्वसंरक्षणाचं कारण मान्य केलं नाही. मुलांना हे समजावून सांगायला हवं.

शाळेत स्प्रे आणायला आम्ही परवानगी दिली नाही. पण ज्या मुलीच्या पालकांनी तो दिला आहे, तिने सकाळी पाकिटात घालून कार्यालयात ठेवायचा आणि सुटताना परत घ्यायचा, असं ठरलं. जप्तीपेक्षा ही पद्धत बरी वाटली, कारण तो जमा करताना मुलगी कारणही सांगते.

मुलांशीही बोला

एक गोष्ट राहिली. त्या दोघांपैकी एक आमच्याच शाळेतून तीन वर्षांपूर्वी दहावी झालेला होता. मीच त्याला मराठी शिकवलं होतं. निबंध, पत्रलेखन, व्याकरण, सगळं. मुलगी मागे वळून बघत नाही म्हणजे तिला ते नको आहे, एवढं मात्र मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. म्हणून आता आठवी-नववीच्या मुलग्यांचा वेगळा तास आम्ही घेतो. "मित्र कुणाच्या मागे गाडी घालत असेल तर तू काय करशील?" असा प्रश्न फळ्यावर लिहितो. पहिल्या तासाला सगळे हसले. तिसऱ्या तासाला एक जण म्हणाला, "मॅडम, मी गाडीवरून उतरीन." एवढं आलं तरी पुष्कळ.

पालकांनो, एक विनंती

आज रात्री जेवताना मुलीला किंवा मुलाला एवढंच सांगा, "वाटेत कुणी काही त्रास दिला तर आम्हाला सांग. तुझी शाळा बंद होणार नाही. आम्ही तुला ओरडणार नाही." अगदी याच शब्दांत सांगा. "काही झालं तर सांग हं" एवढ्याने भागत नाही, कारण सांगितल्यावर काय होईल याची त्यांना भीती असते. सोबत दोन नंबर पाठ करून घ्या, तातडीच्या मदतीसाठी 112 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. एसटीचा मोफत पास गळ्यात अडकवून रोज येते. त्या दिवशी वाया गेलेल्या स्प्रेऐवजी मी तिला नवीन घेऊन देणार होते. ती म्हणाली, "नको मॅडम, मावशीनं दिलाय दुसरा. पण आता दादांना माहितीय." आणि हसली.

ते "दादांना माहितीय" ऐकून मला जो धीर आला, तो कुठल्याही बाटलीने आला नसता.

तुमच्या वर्गात असं काही दप्तरात सापडलं, तर कृपया बाटली बाजूला ठेवा आणि आधी मुलीला विचारा.